सात तट्टांचा निवाडा : ‘अनफर्गिव्हन’ पुन्हा पाहताना

वायोमिंगमधल्या बिग व्हिस्की नावाच्या आडगावात, १८८० सालातल्या एका पावसाळी रात्री, क्विक माइक नावाचा गुराखी डिलायला या तरुण वेश्येच्या चेहऱ्यावर सुरीने सपासप वार करतो. त्याचे उघडे अंग पाहून तिला हसू आवरले नाही, एवढेच निमित्त असते. गावचा शेरीफ लिटल बिल डॅगेट येतो. माइक आणि त्याचा जोडीदार डेव्ही यांना तोवर बांधून ठेवलेले असते. शेरीफ आसूड मागवतो. फटके मारले की प्रकरण मिटले, असा त्याचा विचार असतो. तेवढ्यात गुत्त्याचा मालक स्किनी एक कागद पुढे करतो. या मुलीला थेट बॉस्टनहून आणण्याचा खर्च आपण केला आहे, तसा करार आपल्यापाशी आहे, आता असल्या चेहऱ्याच्या बाईसाठी पैसे कोण मोजणार, आणि फटक्यांनी आपले नुकसान कसे भरून निघणार, असा त्याचा रोकडा सवाल असतो. शेरीफला तो पटतो. खटल्याची कटकट तुम्हालाही नकोच असेल ना, असे तो त्या दोन गुराख्यांना जवळजवळ आपुलकीने विचारतो आणि निवाडा देऊन टाकतो : माइकने पाच तट्टे द्यावीत, डेव्हीने दोन. ही तट्टे मिळणार असतात स्किनीला. डिलायलाला काहीच नाही.

क्लिंट ईस्टवुड यांनी दिग्दर्शित केलेला ‘अनफर्गिव्हन’ ऑगस्ट १९९२ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, साहाय्यक अभिनेता व संकलन अशी चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. वेस्टर्न प्रकारातील चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक पटकावण्याची ती केवळ तिसरी वेळ होती. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होतो आणि शेवटच्या दहा मिनिटांतील गोळीबाराखेरीज फारसे काही डोक्यात शिरले नव्हते. त्यानंतर चार-पाच वेळा पाहिला. दर वेळी माझे लक्ष शेवटाकडून सुरुवातीकडे सरकत गेले, आणि आता माझे मत असे झाले आहे की हा चित्रपट बंदुकीविषयी जितका आहे त्याहून अधिक त्या सात तट्टांविषयी आहे. एका जिवंत माणसाला झालेली इजा मालमत्तेच्या नुकसानीच्या खात्यात मांडली गेली; पुढे जे काही घडते ते ही चुकीची नोंद दुरुस्त करण्याच्या खटपटीत घडते, आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक हिशेब अधिकच बिघडत जातो. (यापुढे मी शेवटासह सर्व कथानकाची चर्चा करणार आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा.)

वेस्टर्न चित्रपटांचा जुना साचा आपल्या ओळखीचा आहे. वस्ती नवी असते, कायदा दुबळा असतो किंवा पोहोचलेलाच नसतो, गुंड माजतात, मग कमरेला पिस्तूल लावलेला एक सच्चा माणूस येतो आणि कायद्याला जे जमले नाही ते करून दाखवतो. ‘अनफर्गिव्हन’ या साच्याची उलटतपासणी घेतो ती नेमकी पहिल्या गृहीतावर बोट ठेवून. बिग व्हिस्कीत कायदा दुबळा नाही. तो चांगला धडधाकट आहे, दिवसाढवळ्या रस्त्याने फिरतो, आणि त्याने गावात शांतता राखलेली आहे. गावाच्या वेशीवर हुकूम क्रमांक १४ ची पाटी आहे : गावात शस्त्रे आणण्यास मनाई, पिस्तुले-बंदुका जमा कराव्यात. ही पटकथालेखकाची कल्पनाशक्ती नव्हे. डॉज सिटी, विचिटा, टूमस्टोन अशा ज्या गावांची नावे गोळीबारासाठी गाजली त्या गावांत असे नियम खरोखरच होते, आणि १८८१ च्या ऑक्टोबरमध्ये टूमस्टोनला झालेली प्रसिद्ध चकमक तर असाच एक नियम मोडल्याच्या सबबीवरून पेटली होती. तेव्हा लिटल बिल जे करतो ते त्या काळाच्या रीतीप्रमाणे वाजवीच आहे. गावात पिस्तुले नसावीत, याला कोण हरकत घेईल?

हरकत निर्माण होते ती या नियमाच्या अंमलबजावणीकडे पाहताना. रेल्वे कंपनीसाठी चिनी मजुरांना गोळ्या घालण्याची कामे घेणारा इंग्लिश बॉब नावाचा एक मारेकरी, डिलायलाच्या मैत्रिणींनी त्या दोन गुराख्यांच्या डोक्यांवर लावलेल्या इनामाच्या आशेने, गावात येतो. दिवस आहे ४ जुलैचा, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. रस्त्यावर झेंडे लागलेले आहेत. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर नुकतीच गोळी झाडली गेली आहे आणि बॉब आगगाडीत बसून सहप्रवाशांना ऐकवत आला आहे की राजाराणीवर गोळी झाडताना मारेकऱ्याचा हात कापतो, राष्ट्राध्यक्षाचे काय, त्याला कोणीही गोळी घालील. लिटल बिल त्याच्याकडून पिस्तुले काढून घेतो आणि मग, निःशस्त्र झालेल्या त्या माणसाला, भर रस्त्यात, साऱ्या गावासमोर, लाथांनी तुडवतो. हा सारा प्रसंग कॅमेरा अंतर राखून, घाई न करता दाखवतो. गावकरी पाहत राहतात. कोणाला तो आवडत नाही, पण कोणी काही बोलतही नाही, कारण हे सारे त्यांच्याच सुरक्षिततेसाठी चालले आहे. सुव्यवस्था आणि न्याय या दोन गोष्टी आपण एका दमात उच्चारतो. या प्रसंगात त्यांची फारकत होताना डोळ्यांनी दिसते.

जीन हॅकमन यांनी साकारलेला लिटल बिल हा या चित्रपटाचा खरा मध्यबिंदू आहे असे मला वाटते. पडद्यावर ईस्टवुड अधिक वेळ असले तरी विचार करायला लावतो तो शेरीफ. हॅकमन यांनी आधी ही भूमिका नाकारली होती, पडद्यावरील हिंसेचा त्यांना कंटाळा आला होता. ईस्टवुड यांनी समजूत घातल्यावर ते तयार झाले आणि साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक घेऊन गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा मी हाच चित्रपट पुन्हा लावला. त्यांचा लिटल बिल क्रूर आहे, पण आपण क्रूर आहोत हे त्याच्या गावीही नाही. तो विनोदी आहे, गप्पिष्ट आहे, आपल्या हाताने घर बांधतो आहे. हे घर म्हणजे गावातला चेष्टेचा विषय : एक कोपरा काटकोनात नाही, आणि पाऊस आला की छताखाली भांडी मांडावी लागतात. त्याच गळक्या घरात बसलेला एक पाहुणा सहज म्हणून जातो की या सुताराला फाशी द्यायला हवी, आणि त्यानंतर हॅकमन यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे थिजून जाते त्यासाठी मी हा प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला आहे.

येथे काळाचा एक संदर्भ लक्षात घ्यावा लागेल. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला बेदम मारले आणि ते चित्रफितीवर टिपले गेले. एप्रिल १९९२ मध्ये त्या पोलिसांची जवळजवळ निर्दोष सुटका झाली आणि शहर पेटले. त्यानंतर तीनच महिन्यांनी हा चित्रपट आला. पटकथा डेव्हिड वेब पीपल्स यांनी सत्तरच्या दशकातच लिहिली होती, त्यामुळे ती या घटनेवर बेतलेली असणे शक्य नाही. परंतु कायद्याचा रखवालदार जमिनीवर पडलेल्या माणसाला लाथा घालतो आहे आणि लोक पाहत आहेत, हे दृश्य १९९२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी प्रेक्षकाने काय आठवत पाहिले असेल, हे सांगायला नको.

आता त्या चुकीच्या नोंदीकडे परत येऊ. निवाडा ऐकून सर्वाधिक संतापते ती स्ट्रॉबेरी ॲलिस, त्या कुंटणखान्यातील बायकांची म्होरकी. शेरीफ तिला समजावतो की ही काही सराईत गुन्हेगार पोरे नाहीत, कष्टाळू आहेत, एकदा चुकली. आणि ॲलिस त्याचे शब्द त्याच्यावरच उलटवते. आम्ही यांना अंगावर घेतो याचा अर्थ यांनी आम्हाला जनावरासारखे डाग द्यावेत असा होत नाही, हे तिचे म्हणणे बिनतोड आहे. मग त्या साऱ्या जणी साठवलेले पैसे गोळा करून त्या दोघांच्या डोक्यांवर १,००० डॉलरचे इनाम लावतात. येथवर प्रेक्षक पूर्णपणे त्यांच्या बाजूचा असतो. परंतु वसंतात तट्टे आणून देताना डेव्ही ठरलेल्यांखेरीज आणखी एक तट्टू आणतो, आपल्या ताफ्यातले सर्वांत देखणे, आणि ते स्किनीला न देता डिलायलाला देऊ करतो. साऱ्या कथेत अपराधाची भरपाई अपराध सोसलेल्या व्यक्तीला देण्याचा प्रयत्न हा एवढा एकच. डिलायलाच्या चेहऱ्यावर काहीतरी हलते. ती कदाचित घेईलही. पण बाकीच्या बायका चिखलाचे गोळे फेकून त्याला पिटाळून लावतात. कोणी चूक आहे असे म्हणवत नाही, आणि तरी त्या क्षणी एक दार बंद झाले हे कळते. तिला काय हवे आहे हे कोणी तिला विचारलेले नसते. शेरीफने नाही, स्किनीने नाही, आणि तिच्यासाठी लढणाऱ्या मैत्रिणींनीही नाही.

इनामाची बातमी गुराख्यांच्या तोंडून दक्षिणेकडे पसरते आणि पसरता पसरता फुगते. कॅन्ससमध्ये डुकरे पाळून दोन मुलांसह कसेबसे दिवस काढणाऱ्या विल्यम मनीच्या दारी स्कोफील्ड किड नावाचा एक पोरगा ती घेऊन येतो तेव्हा त्या बाईचे डोळे काढलेले असतात, कान कापलेले असतात. मनी तीच हकिगत आपला जुना साथीदार नेड लोगन याला सांगतो तेव्हा तिच्यात आणखी भर पडलेली असते. खोटे कोणी जाणूनबुजून बोलत नाही. पैशांसाठी दोन अनोळखी माणसांना मारायला निघालेल्यांना आपण न्यायाला निघालो आहोत असे वाटायला हवे असते, आणि तेवढी जखम मोठी करून घेतली जाते. बाजारगप्पांचे हे अर्थशास्त्र चित्रपटाने विलक्षण बारकाईने मांडले आहे.

त्याच धाग्याला बांधलेले पात्र म्हणजे इंग्लिश बॉबबरोबर फिरणारा चरित्रकार बोशाँ. त्या काळात पूर्वेकडील शहरांत दहा-दहा सेंटांना विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तकांनी पश्चिमेकडील मारेकऱ्यांचे नायक बनवले. आपल्या मनातील वेस्टर्न ही मुळात या पुस्तकांची नात आहे. बोशाँने बॉबवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात ‘मृत्यूचा ड्यूक’ असे शब्द आहेत. तुरुंगात बसून लिटल बिल ते मोठ्याने वाचतो आणि ‘ड्यूक’ला ‘डक’ म्हणतो, म्हणजे सरदाराचे बदक होते. मग पुस्तकातील एका गाजलेल्या चकमकीची खरी हकिगत सांगतो, कारण तो तेथे हजर होता. वीर वगैरे कोणी नव्हते. एक दारू प्यायलेला होता, दुसऱ्याच्या पिस्तुलाने दगा दिला, आणि नेम न लागलेल्या गोळ्यांचीच संख्या अधिक. पुढे तो भरलेले पिस्तूल बोशाँच्या हाती देऊन सांगतो, मार मला. बोशाँचा हात थरथरतो. तेच पिस्तूल बॉबकडे सरकवायला सांगतो. बॉब ते घेत नाही. जवळजवळ सर्व काळ दोन माणसे बोलत आहेत आणि तिसरा गजांआड बसून ऐकतो आहे, एवढेच पडद्यावर घडते, पण एवढा ताण मला शेवटच्या गोळीबारातही जाणवला नाही. यातील खोच अशी की बॉबच्या दंतकथेचा फुगा फोडणारा लिटल बिल लगेच त्याच लेखकाला आपली दंतकथा सांगू लागतो, आणि बोशाँ नवी वही काढतो.

विल्यम मनीविषयी लिहायचे तर आधी ईस्टवुड यांच्याविषयी लिहावे लागते. १९५९ पासून दूरचित्रवाणीवरच्या मालिकेत आणि १९६४ पासून सर्जिओ लिओने यांच्या चित्रपटांत त्यांनी जो मितभाषी, अचूक नेमबाज उभा केला त्याच्यावर दोन पिढ्या पोसल्या गेल्या, मुंबईतल्या इंग्रजी चित्रपटगृहांच्या प्रेक्षकांसह. पीपल्स यांची पटकथा ऐंशीच्या दशकात त्यांच्या हाती आली. ती विकत घेऊन त्यांनी कपाटात ठेवली, कारण भूमिकेसाठी आपण अजून पुरेसे म्हातारे नाही असे त्यांना वाटले. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. ही प्रतीक्षा पडद्यावर दिसते. मनी डुकरांच्या मागे धावताना चिखलात पडतो. पिस्तुलाने डबा उडवायला जातो तर एकही गोळी लागत नाही, शेवटी घरातून दुनळी आणून तो काम उरकतो. घोड्यावर चढायला जातो तर घोडा त्याला चढू देत नाही, आणि पूर्वी मी जनावरांना छळले त्याची ही फेड आहे असे तो मुलांना सांगतो. तीन वर्षांपूर्वी देवीच्या रोगाने गेलेल्या पत्नीने, क्लॉडियाने, आपल्याला दारूतून आणि पापातून बाहेर काढले, आपण आता तसे राहिलो नाही, हे वाक्य तो इतक्या वेळा उच्चारतो की ते तो इतरांना सांगतो आहे की स्वतःला, असा प्रश्न पडावा. त्याच्या भूतकाळात आगगाडी सुरुंगाने उडवणे आहे, बायकामुलांची हत्या आहे, आणि यातले काही अफवांनी फुगवलेले नाही. अफवांच्या या चित्रपटात एकच कीर्ती खरी निघते, आणि ती सर्वांत वाईट माणसाची.

पहिला खून डेव्हीचा होतो. सुरी चालवली माइकने. डेव्हीचा दोष एवढाच की तो तेथे होता, आणि त्याने ते जादा तट्टू आणले होते हे मनी, नेड आणि किड या तिघांना ठाऊकही नसते. नेडची गोळी घोड्याला लागते, घोडा कोसळतो, डेव्हीचा पाय मोडतो आणि तो खडकाआड सरपटू लागतो. नेडच्याने पुढची गोळी झाडवत नाही. बंदूक मनी घेतो. त्याचेही नेम चुकतात. अखेर एक गोळी पोटात लागते. मग काही मिनिटे तो पोरगा पाणी पाणी करत ओरडत राहतो, त्याचे साथीदार भीतीने पुढे येत नाहीत, आणि ज्याने त्याला गोळी घातली तोच मनी वरून ओरडतो की त्याला पाणी द्या, आम्ही गोळी झाडणार नाही. मारणे ही किती वेळखाऊ, गैरसोयीची आणि घाणेरडी गोष्ट आहे हे इतक्या साधेपणाने सांगणारा दुसरा प्रसंग मी या प्रकारच्या चित्रपटांत पाहिलेला नाही. माइक तर संडासात बसलेला असताना मरतो. त्याला मारतो किड, ज्याला पन्नास यार्डांपलीकडचे दिसत नाही आणि ज्याने पाच माणसे मारल्याच्या बढाया मारलेल्या असतात. त्यानंतर माळावरच्या एका झाडाखाली तो दारू पीत रडतो आणि कबूल करतो की हा पहिलाच. त्यांच्या वाट्याला ते यायचेच होते, असे तो स्वतःचे समाधान करू पाहतो. आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला आहे, पोरा, असे मनी उत्तरतो. चित्रपटाचे हे सर्वाधिक उद्धृत झालेले वाक्य असले तरी ते ऐकताना उद्धरणासारखे वाटत नाही, कारण ईस्टवुड ते माळाकडे पाहत, जणू दुसरेच काही मनात असल्यासारखे बोलतात.

नेडविषयी थोडे थांबून बोलायला हवे. मॉर्गन फ्रीमन यांनी केलेला नेड कृष्णवर्णीय आहे आणि साऱ्या चित्रपटात कोणीही त्याच्या वर्णाचा उल्लेख करत नाही. पटकथेने हा विषय टाळला याबद्दल काही समीक्षकांनी नाके मुरडली, आणि पूर्वी मीही त्यांच्यात होतो. परंतु आसुडाकडे लक्ष ठेवून चित्रपट पाहावा. पहिल्या रात्री शेरीफने मागवलेला आसूड त्या दोन गोऱ्या गुराख्यांवर पडत नाही. तो बाजूला ठेवला जातो आणि त्याच्या जागी तट्टांचा दंड येतो. तो पडतो तो थेट नेडच्या पाठीवर. नेडने कोणाला मारलेले नाही. गोळी झाडवेना म्हणून तो घराकडे निघाला होता, तेव्हा पकडला गेला. लिटल बिल त्याला प्रश्न विचारत फटके मारत राहतो, नेड मरतो, आणि त्याचे प्रेत गुत्त्याच्या दारात पाटी लावून उभे केले जाते. १८८१ सालातील अमेरिकेत गजांना बांधलेला काळा माणूस आणि आसूडधारी गोरा अधिकारी हे चित्र दाखवल्यावर वेगळा संवाद लिहिण्याची गरज नसते. तरीही माझी एक तक्रार कायम आहे. नेडची आदिवासी पत्नी सॅली हिला एकही वाक्य दिलेले नाही. ती मनीकडे आणि त्याच्या बंदुकीकडे पाहते, आणि तिला सारे कळते. नजर बोलकी आहे हे मान्य, पण पहिल्यापासून अखेरपर्यंत केवळ नजरच वाट्याला यावी हे काही मनाला पटत नाही. २०१३ मध्ये या चित्रपटाची जपानी आवृत्ती आली, ली सांग-इल दिग्दर्शित आणि केन वातानाबे यांची मुख्य भूमिका असलेली. तिने कथा मेइजी काळातील, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, होक्काइडो या जपानच्या उत्तरेकडील बेटावर नेली आणि तेथील मूळ रहिवासी ऐनू लोकांना कथेत स्थान दिले, ही मूळ चित्रपटावरची अप्रत्यक्ष टीकाच मानता येईल.

स्त्रियांच्या बाबतीतही काही प्रमाणात हेच. वायोमिंग प्रदेशाने स्त्रियांना मतदानाचा हक्क १८६९ मध्येच दिला होता, म्हणजे अमेरिकेच्या बहुतेक भागांच्या पुष्कळ आधी, आणि १८७० मध्ये लॅरमी येथे स्त्रिया ज्यूरीवर बसल्या होत्या. ही माहिती चित्रपटात येत नाही, पण ती मनात ठेवून पाहिले तर सात तट्टांचा निवाडा अधिक बोचतो : कागदावर स्त्री नागरिक होती आणि गुत्त्यात ती कराराचा माल होती. ॲलिसचा राग फ्रान्सेस फिशर यांनी धगधगता ठेवला आहे. डिलायलाला मात्र बोलायला फार थोडे मिळते. तापातून उठलेल्या मनीशी तिचे जे बोलणे होते ते नाजूक आहे, दोघांच्याही चेहऱ्यांवर वण आहेत, आणि तिचा प्रस्ताव तो पत्नीचे नाव सांगून नाकारतो. ती पत्नी हयात नाही हे तिला नंतर कळते. हा प्रसंग सुंदर आहे, पण तोही अखेर मनीचाच होऊन बसतो.

आता शेवट. नेडच्या मृत्यूची बातमी ऐकता ऐकता मनी किडच्या हातातील बाटली घेतो आणि पिऊ लागतो. दिग्दर्शक यावर कोणतेही संगीत वाजवत नाही. पावसात तो गावात येतो. गुत्त्याचा मालक कोण, असे विचारतो आणि पुढे आलेल्या निःशस्त्र स्किनीला दुनळीने उडवतो. मग लिटल बिल आणि त्याची माणसे. दंतकथांची सारी हवा काढून टाकल्यानंतर चित्रपट येथे एका म्हाताऱ्याकडून खोलीभर माणसांसमोर पाच मुडदे पाडून घेतो, म्हणजे जे खोटे म्हणून दाखवले तेच खरे करतो, असा आक्षेप घेतला जातो. तो निकाली काढण्याइतका पोकळ नाही. प्रेक्षागृहात या क्षणी शिट्ट्या पडतात हे मी ऐकले आहे, आणि पहिल्या वेळी माझ्याही मनात शिट्टी होतीच. परंतु चित्रपट त्या शिट्टीची किंमतही वसूल करतो. जमिनीवर पडलेला लिटल बिल म्हणतो की असे मरण माझ्या वाट्याला यायला नको होते, मी घर बांधत होतो. आणि मनी उत्तरतो की कोणाची काय लायकी याचा येथे संबंधच नाही. नायकाने खलनायकाला मारताना न्यायाचा दावाच सोडून द्यावा, असे वेस्टर्नमध्ये सहसा घडत नाही. पाठोपाठ बोशाँ, मुडद्यांमध्ये लपलेला, बाहेर येऊन विचारू लागतो की आधी कोणाला मारले, क्रम काय होता. मनी सांगतो की क्रमाबाबत माझे नशीब बरे होते, माणसे मारण्यात मी नेहमीच नशीबवान. म्हणजे नवे पुस्तक तयार होणार, आणि त्यात हे वाक्य बहुधा नसणार.

आपल्याकडे ‘शोले’ची (१९७५) आठवण येथे अपरिहार्य आहे. त्या चित्रपटाच्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला स्वतः मारतो; सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस ऐन वेळी येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट झाला. कायद्याचा मान राखला जावा, विशेषतः माजी पोलीस अधिकाऱ्याने तो राखावा, ही त्यामागची चिंता होती. ‘अनफर्गिव्हन’मध्ये अशा पोलिसांना यायला जागाच नाही, कारण जमिनीवर मरून पडलेला माणूसच कायदा आहे. मनी बाहेर पडतो तेव्हा भर पावसात त्याच्या मागे अमेरिकेचा झेंडा दिसतो आणि तो अंधाराकडे तोंड करून गावाला धमकी देतो : नेडला नीट पुरा, त्या बायकांना हात लावू नका, नाहीतर परत येऊन सगळ्यांना मारीन. गावाला नवा हुकूम मिळाला आहे. तो जुन्याहून बरा आहे की वाईट हे मला ठरवता आलेले नाही.

तांत्रिक बाजूंविषयी थोडक्यात. जॅक ग्रीन यांचे छायांकन कंदिलाच्या उजेडावर विश्वास टाकणारे आहे. गुत्त्यातील प्रसंगांत चेहऱ्याची एक बाजू बहुतेक वेळा काळोखात असते, त्यामुळे हा चित्रपट मोबाइलच्या पडद्यावर किंवा दुपारच्या उजेडात पाहणे म्हणजे न पाहणेच होय. गाव कॅनडातील अल्बर्टात उभारले होते, आणि हेन्री बमस्टेड यांनी ते असे रचले आहे की एकही घर कायमचे टिकेल असे वाटत नाही. लेनी नीहाउस यांच्या पार्श्वसंगीतात क्लॉडियाची गिटारवरची धून स्वतः ईस्टवुड यांची आहे. ती मोजक्याच वेळा वाजते. किडच्या भूमिकेत जेम्झ वूल्वेट पूर्वार्धात जरा आक्रस्ताळे वाटतात आणि प्रवासाचा मधला भाग, तिघांच्या शेकोटीभोवतीच्या गप्पांसह, सैल पडतो. १३१ मिनिटांतली दहाएक मिनिटे तेथे वाचवता आली असती. मुलांबरोबर पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. श्रेयनामावलीच्या शेवटी ‘सर्जिओ आणि डॉन यांस’ अशी अर्पणपत्रिका येते. म्हणजे लिओने आणि डॉन सीगल, ईस्टवुड यांना घडवणारे दोन दिग्दर्शक.

या वेळी पाहताना मी आणखी एक गोष्ट शोधत होतो. ती तट्टे दंड म्हणून स्किनीकडे जमा झाल्यानंतर त्यांचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. एवढी माणसे ज्यांच्यापायी मेली त्या तट्टांचा पुन्हा कोणी उल्लेखही करत नाही. आणि आठवे, ते देखणे तट्टू, चिखलाचा मारा चुकवत डेव्हीने परत नेले ते.